बाळाजी विश्वनाथाचें पूर्ववय व सोयरसंबंधांचा पुरावा

१. वंशावळ हें इतिहासाच्या साधनांपैकीं सर्वांत सुलभ आणि सर्वांत फसवें साधन होय. सुलभ अशासाठीं कीं, जुन्या घराण्याचें दफ्तर सोडलें म्हणजे एखादी वंशावळ बहुधा हातीं लागतेच; आणि फसवें अशासाठीं कीं, तींत नांवांची सांखळी अखंड दिसत असल्यामुळें त्या मनुष्यांचा वृत्तांतही अखंड हातीं आला, असा भास होतो. वास्तविक अमक्याचा पुत्र अमका, एवढेंच तेथें लिहिलेलें असतें. तो कोणाच्या पदरीं होता, मूळ गांव त्यानें केव्हां व कां सोडला, त्याची स्त्री कोणाची कन्या, त्याच्या लेकी कोणत्या घरीं दिल्या, यांपैकीं वंशावळ कांहींच सांगत नाहीं. पूर्वजाचें चरित्र जुळवावयाचें तर हीं उत्तरें अन्य कागदांतून काढावीं लागतात. तीं कशीं काढावीं व किती दूर ताणावीं, हें एका प्रसिद्ध पुरुषाच्या उदाहरणानें दाखविण्याचा आमचा हेतु आहे. तो पुरुष म्हणजे श्रीवर्धनकर भटांच्या कुळांतील पहिला कर्ता पेशवा, बाळाजी विश्वनाथ.

२. बाळाजीस शाहूमहाराजांनीं १७१३ मध्यें पेशवेपद दिलें, आणि १७२० च्या एप्रिलांत सासवड येथें तो निवर्तला. या जेमतेम सात वर्षांतील त्याचीं कामें सर्वश्रुत आहेत: कान्होजी आंग्र्यांस शाहूच्या पक्षाकडे वळविणें, १७१८-१९ ची दिल्लीची स्वारी, आणि १७१९ मध्यें पदरांत पडलेल्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा. परंतु इतक्या मोठ्या पदावर चढणारा हा मनुष्य त्यापूर्वीं कोठें होता व काय करीत होता? या प्रश्नास आजवर दोन प्रकारचीं उत्तरें मिळत आलीं. एक बखरीचें, दुसरें तत्कालीन कागदांचें. हीं दोन्ही एकत्र ठेविलीं असतां त्यांचा मेळ बसत नाहीं. आणि हा मेळ बसविण्यास तिसऱ्या एका पुराव्याचें साहाय्य होतें, असें आमचें मत आहे. तो पुरावा म्हणजे घराण्याचे सोयरसंबंध.

३. प्रथम बखरीचें म्हणणें पाहूं. भटांकडे दंडाराजपुरी व श्रीवर्धन येथील देशमुखी होती. तो मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलाखालचा. आंग्र्यांशीं संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीनें या घराण्यावर कोप केला; बाळाजीचा बंधु जानोजी यास त्यानें ठार मारविलें; बाळाजी कुटुंबासह निघाला व वेळासच्या भानु बंधूंच्या आश्रयास गेला. हरि महादेव, बाळाजी महादेव व रामजी महादेव हे ते तिघे भानु. पुढें सर्वांनीं मिळून घांट चढला, मिळेल ती भाकरी वांटून खाण्याचा करार झाला, आणि देशावर येऊन बाळाजी धनाजी जाधवांच्या पदरीं कारकून राहिला. तेथूनच त्याचा शाहूकडे प्रवेश झाला. ही हकीकत वाचणाऱ्याच्या मनांत असें ठसतें कीं, देशत्याग व शाहूची सेवा यांत फारसें अंतर नाहीं. एक निर्वासित ब्राह्मण पांचचार वर्षांत कारकुनीवरून पेशवाईवर चढला.

४. कागद निराळें सांगतात. १६९९ पासून १७०२ पर्यंत बाळाजी विश्वनाथ पुणें प्रांताचा सरसुभेदार होता, आणि १७०४ पासून १७०७ पर्यंत दौलताबाद प्रांताची सरसुभेदारी त्याजकडे होती. शाहूमहाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून परत आले ते १७०७ मध्यें. म्हणजे शाहूनें दक्षिणेंत पाऊल ठेवण्यापूर्वीं निदान आठ वर्षें बाळाजी अधिकारपदावर होता. आणि सरसुभा हें काल घांट चढून आलेल्या परक्या मनुष्यास मिळणारें पद नव्हे. वसुलाची माहिती, देशमुख-देशपांड्यांशीं परिचय आणि कर्जाऊ रक्कम उभी करण्याची पत, यांवांचून तें काम चालत नसे. तेव्हां देशावरील त्याचा प्रवेश १६९९ च्याही कांहीं वर्षें मागें नेणें भाग आहे. तो किती मागें न्यावा, हें ठरविण्यापूर्वीं नांवें व काल यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कारण वंशशोधनांतील बहुतेक घोटाळे या दोहोंत होतात.

५. कालाचें गणित. बाळाजीचा थोरला पुत्र बाजीराव याचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजीं झाला. हा एकच दिवस निरनिराळ्या कागदांत कसा लिहिला जाईल तें पाहावें. पंचांगाप्रमाणें शके १६२२, राज्याभिषेक शक २७, शुहूर सन इहिदे मया व अलफ, म्हणजे ११०१, फसली १११०, हिजरी १११२. पहिलें वर्ष चैत्रांत बदलतें, दुसरें ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, तिसरें मृगसालीं, आणि हिजरी तर चांद्रमानाचें असल्यामुळें दरसाल अकरा दिवसांनीं मागें सरकतें. शुहूर सनांत ५९९ मिळविले कीं इसवी सन येतो, हा नियम मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरा; जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. पत्राचा महिना न पाहतां केवळ सनावरून इसवी वर्ष काढिलें तर एक वर्षाची चूक सहज होते. आणि एका वर्षाच्या चुकीनें बाप मेल्यावर त्याचें पत्र लिहिलें गेलें, किंवा लेंक जन्मण्याआधीं त्याच्या नांवें सनद झाली, असले चमत्कार वंशावळींत उत्पन्न होतात.

६. नांवांचें गणित याहून अवघड. आपल्याकडे पुरुषाच्या नांवापुढें पित्याचें नांव येतें ही मोठीच सोय होय. बाळाजी विश्वनाथ म्हणतांच पित्याचें नांव विश्वनाथ हें कळलें. परंतु बाळाजीच्या पुत्रांचीं नांवें कागदांत बाजीराव बल्लाळ व चिमाजी बल्लाळ अशीं येतात. बल्लाळ हें बाळाजीचेंच रूप, हें ज्यास ठाऊक नाहीं तो दोन निराळे पुरुष कल्पील. उलटपक्षीं माधवराव बल्लाळ हें नांव पाहून त्यास बाजीरावाचा भाऊ ठरविणाराही फसेल. कारण हा बल्लाळ म्हणजे बाळाजी बाजीराव, पहिल्या बाळाजीचा नातू. आजोबा निवर्तल्यावर जन्मलेल्या नातवास आजोबांचें नांव ठेवण्याची चाल असल्यामुळें एकाआड एक पिढींत तेंच नांव फिरून येतें. भानूंच्या घरींही हेंच. बाळाजी महादेव भानु १७१९ मध्यें दिल्लीस मारला गेला. त्याचा नातू बाळाजी जनार्दन १७४२ मध्यें जन्मला. हाच नाना फडणीस. आतां पाहावें कीं, दिल्लीच्या स्वारींत दोन बाळाजीपंत होते, आणि दोघांच्याही बाळाजी नांवाच्या नातवांस लोक 'नाना' म्हणत. नुसतें 'बाळाजीपंत' किंवा 'नाना' एवढेंच असलेलें मितिहीन पत्र कोणत्या घराण्याच्या दफ्तरांत सांपडलें, हें कळल्याखेरीज त्याचा अर्थ लावणें धोक्याचें होय.

७. आडनांव तरी स्थिर असतें काय? इचलकरंजीकरांचें उदाहरण बोलकें आहे. त्यांचा मूळपुरुष नारो महादेव हा जोशी. सेनापति संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें तो वाढला, व त्या उपकाराच्या स्मरणार्थ त्यानें घोरपडे हें आडनांव धारण केलें. ब्राह्मण घोरपडे व मराठा घोरपडे यांची वंशावळ केवळ आडनांवावरून जुळविणारा संशोधक पहिल्याच पायरीवर पडेल. यासाठीं आडनांव, गोत्र, मूळ गांव व कुलदैवत हीं चारही जुळल्यावांचून दोन शाखा एकत्र बांधूं नयेत, असा आमचा नियम आहे.

८. येवढी तयारी करून मूळ प्रश्नाकडे वळूं. बाळाजीची स्त्री राधाबाई. ती बर्वे यांची कन्या. तिचें माहेर सिन्नरनजीक दुबेरें येथें. बाजीरावाचा जन्म दुबेऱ्यासच झाला. वंशावळींत यांपैकीं एक अक्षरही नसतें. तेथें केवळ 'बाळाजी' व त्याखालीं 'बाजीराव' अशीं दोन नांवें येतात. परंतु दुबेरें हें एक नांव त्या दोन नांवांच्या मध्यें ठेविलें कीं पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. बाळंतपण माहेरीं करण्याची आपली चाल आहे. १७०० च्या पावसाळ्यांत राधाबाईचें माहेर घांटावर, सिन्नराकडे, इतकें स्थिर होतें कीं गरोदर लेक तेथें आणितां यावी. त्याच सुमारास जांवई पुण्यास सरसुभ्यावर होता. पुण्याहून नाशिकास जाणारा रस्ता सिन्नरावरूनच जातो. सरसुभ्याचे कागद व माहेरची ही स्मृति यांचीं मूळें अगदीं निराळीं. एकानें दुसऱ्याची नक्कल करावी असें कांहीं कारण नाहीं. तरीही दोन्ही एकाच वर्षीं बाळाजीचा संसार घांटावर स्थिरावलेला दाखवितात. स्वतंत्र उगमाचे दोन पुरावे एका ठिकाणीं मिळाले म्हणजे त्यांचें बळ दुणावतें.

९. परंतु येथें आवर घातला पाहिजे. बर्वे हेही मूळचे कोंकणांतीलच. म्हणून ही सोयरीक बाळाजी देशावर आल्यानंतरच झाली, असें या पुराव्यानें सिद्ध होत नाहीं. ती कोंकणांतील जुन्या ओळखीनेंही जुळली असेल. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, १७०० मध्यें बाळाजी निराधार निर्वासित नव्हता. त्याच्या पाठीशीं घांटावर वसलेलें सासर होतें व हातीं प्रांताचा अधिकार होता. बखरींतील देशत्याग यामुळें खोटा ठरतो काय? ठरत नाहीं. १६८९ मध्यें रायगड मोंगलांच्या हातीं गेला, आणि त्या किनाऱ्यावर सिद्दीचें बळ एकाएकीं वाढलें. श्रीवर्धनच्या देशमुखास गांव सोडण्यास याहून सबळ कारण नको. भटांचें निर्गमन या सुमाराचें मानिलें म्हणजे बखर व कागद यांचें भांडण मिटतें. बखरकारानें घटना खोट्या रचिल्या नाहींत. त्यानें मधलीं वर्षें गिळलीं. निर्गमनापासून पेशवाईपर्यंतचीं वीसपंचवीस वर्षें त्याच्या कथनांत पांचचारच होऊन बसलीं.

१०. ही वर्षें गिळण्याचें कारणही शोधिलें पाहिजे. भानूंनीं आश्रय दिला व भाकरी वांटून खाल्ली, ही कथा लोकप्रिय कां झाली? बाळाजी पेशवा होतांच भानूंकडे फडणिशी आली व ती त्या घराण्यांत वंशपरंपरा चालली. वतनाच्या महजरांत जसें मूळपुरुषाच्या पराक्रमाचें किंवा उपकाराचें कथन आरंभीं असतें, तसेंच हें कथन फडणिशीच्या आरंभीं शोभतें. संकट आणि बक्षीस जितकें जवळजवळ येईल तितकी कथेस धार चढते. मध्यें सरसुभ्याचीं रुक्ष वर्षें आलीं तर ती बोथट होते. असें म्हणून आम्ही भानूंचा उपकार नाकारीत नाहीं. एखादी कौटुंबिक कथा ऐकतांना ती कोणत्या हक्काची राखण करीत आहे, हें आधीं विचारावें, इतकेंच आमचें सांगणें.

११. लेकीसुनांचा पुरावा यापुढेंही उपयोगी पडतो. बाळाजीच्या दोन कन्या. भिऊबाई ही बारामतीकर जोशी यांच्या घरीं, आबाजी नाईक यांस दिली. अनुबाई इचलकरंजीच्या नारो महादेवाचा पुत्र व्यंकटराव यांस. थोरली सून काशीबाई ही चासकर महादजी कृष्ण जोशी यांची कन्या. बारामतीकर व चासकर हे दोघेही सावकार; व्यंकटरावाचें घराणें लढाऊ व दक्षिणेकडे बस्तान असलेलें. एका बाजूस द्रव्य, दुसऱ्या बाजूस फौज, आणि दोहोंस सांधणाऱ्या या स्त्रिया. श्रीवर्धनच्या देशमुखाचा पैस किती वाढला तें या तीन सोयरिकींवरून जितकें कळतें तितकें कोणत्याही पदवीवरून कळत नाहीं. पुढें राधाबाई १७३५ मध्यें काशीयात्रेस गेली, व वाटेंतील राजेरजवाड्यांनीं तिचा सन्मान केला. अनुबाई १७८३ पर्यंत जगली व इचलकरंजीचा कारभार तिनें दीर्घकाळ पाहिला. बापाच्या वंशावळींत मात्र अशा लेकीला बहुधा एक रेघही मिळत नाहीं.

१२. असें कां होतें, याचें उत्तर वंशावळीच्या जन्मांतच आहे. वतनाचा तंटा गोतसभेपुढें वा हुजुरांत गेला म्हणजे वंशावळ लिहिली जाई; पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हां इनामदारांनीं पुन्हा वंशावळी हजर केल्या. जेथें हक्क पुरुषाकडून पुरुषाकडे जातो तेथें लेक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. हक्क सोडून परगांवीं गेलेला भाऊ गळतो. दत्तक औरसाप्रमाणें दिसतो. ज्या प्रश्नासाठीं कागद लिहिला त्याचेंच उत्तर तो देणार. म्हणून स्त्रियांचीं नांवें पाहिजेत तर निराळ्या प्रयोजनाचे कागद पाहिले पाहिजेत. श्राद्धांत पितृत्रयीबरोबर मातृत्रयी व मातामहत्रयी यांचा उच्चार करावा लागतो. म्हणून तर्पणाच्या यादींत आई, आजी, पणजी व आईचे बाप-आजे-पणजे हटकून असतात. नाशिक, त्र्यंबक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनीं आपल्या कुळाचा तपशील लिहविलेला असतो. लग्नाच्या याद्यांत आहेर देणाऱ्या व घेणाऱ्या सोयऱ्यांचीं नांवें गांवासकट सांपडतात. वतनाचा कागद जें टाकतो तें धर्माचा व घरखर्चाचा कागद राखून ठेवितो.

१३. यावरून हस्तलिखितसंग्राहकांस आमची एक आग्रहाची विनंती आहे. राजवाड्यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' याचा पहिला खंड १८९८ मध्यें प्रसिद्ध केला. पेशवेदफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या कालांत छापिले. या उद्योगानें राजकारणाचीं पत्रें, सनदा व तहनामे यांचें मोल सर्वांस कळूं लागलें. परंतु त्यामुळेंच एक नवी हानि होत असते. घराण्याचें दफ्तर हातीं आलें म्हणजे शिक्क्याचीं पत्रें तेवढीं निवडून काढितात, वंशावळीची घडी वेगळी ठेवितात, आणि बाळंतविडे, आहेर, तेरावें, यात्राखर्च यांचे बंद रद्दी म्हणून जातात, नाहींतर ओलीनें व वाळवीनें खलास होतात. असें केल्यानें सर्वसामान्य पूर्वजाचें चरित्र कायमचें पुसलें जातें. बाळाजी विश्वनाथासाठीं निदान सरसुभ्याचे कागद तरी आहेत; ज्याच्या नांवें एकही सनद झाली नाहीं अशा पुरुषाविषयीं, आणि जिचें नांवही वंशावळींत नाहीं अशा स्त्रीविषयीं, त्या बंदांखेरीज दुसरें साक्षीदारच नाहीं.

१४. तेव्हां, दफ्तर फोडण्यापूर्वीं त्याचा क्रम टिपून ठेवावा. कोणता कागद कोणत्या कागदाच्या शेजारीं व कोणत्या घरीं होता, हें त्याच्या पाठीवर नव्हे तर वेगळ्या चिठीवर लिहावें. वंशावळ सांपडल्यास ती कोणत्या तंट्यासाठीं तयार झाली तें पाहावें. तींतील प्रत्येक पुरुषास निदान एक मितीचा कागद जोडावा, व तो न मिळाल्यास त्या नांवाभोंवतीं कंस ठेवावा. आणि प्रत्येक नांवाच्या शेजारीं त्याच्या स्त्रीचें माहेर लिहिण्यापुरती जागा मोकळी सोडावी. दुबेऱ्यासारखें एखादें गांव त्या जागेंत आलें, तर बापलेकांच्या दोन नांवांमधील मुकी रेघ बोलूं लागते.